५६ के ची मर्यादा तारेची नव्हती

जुने डायल-अप मॉडेम फोनच्या लाइनवरून नेट जोडायचे, त्यांचा कमाल स्पीड ५६ के, म्हणजे सेकंदाला ५६ हजार बिट. "तांब्याच्या तारेतून ५६ के च्या वर स्पीड जाऊच शकत नाही, शॅननने सिद्ध केलंय" असं एकाने लिहिलंय, ते अर्धंच बरोबर आहे. माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचं १९४८ चं सूत्र तारेबद्दल नाहीच, त्यात कमाल स्पीड ठरतो तो बँडविड्थ (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) किती आणि सिग्नल नॉइजच्या किती पट यावरून. आता फोनचा आवाज एक्सचेंजमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच ठेवतात बाकीचं कापतात, म्हणजे हातात ३१०० हर्ट्झ, त्यात लाइन चांगली असली आणि सिग्नल नॉइजपेक्षा ३५ डेसिबल वर (साधारण ३१६० पट) धरला तर हिशोब येतो ३६ केबीपीएसच्या आसपास. ३३.६ चे मॉडेम लय जवळ पोचले होते बघा, मला त्या इंजिनियर लोकांचं आजही कौतुक वाटतं.

मग ५६ कसं? तिथं पलीकडची म्हणजे नेट कंपनीची बाजू थेट डिजिटल, सेकंदाला ८००० सॅम्पल (सिग्नलचे नमुने), प्रत्येकात ८ पैकी ७ बिट भरवशाचे, झाले ५६. तेही फक्त डाउनलोडला.

फोनच्या तारेवरच्या ब्रॉडबँडमध्ये तार तीच, पण ती कापाकापी नाही, त्यातलं एडीएसएल२ प्लस हे तंत्र २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातं आणि २४ एमबीपीएसपर्यंत देतं. फक्त एक्सचेंजपासून अंतर वाढलं की वरच्या फ्रिक्वेन्सी आधी मरतात. जुळे सोलापुरात आमच्या घरापर्यंत तार लांबून फिरून यायची, ३ एमबीच्या वर कधी गेलं नाही, आणि नवी पेठेत मित्राच्या दुकानात त्याच प्लॅनवर चांगलं चालायचं. पावसाळ्यात जॉइंट ओला झाला की नॉइज वाढून तेवढंही मिळायचं नाही.