मदत हवी आहे: गुरुवारच्या सभेत १४ नागरिकांचा सत्कार, पण विषय नोटिशीत नाही

सभालिपिक (शनिवार, सकाळी ९.४०)
गुरुवारी सकाळी ११ ला सभा आहे. १४ जणांचा सत्कार ठरलाय, यादी काल संध्याकाळी हातात आली. नोटीस आधीच निघाली आहे. सत्काराचा विषय ‘ऐनवेळचा विषय’ म्हणून घेतला तर चालेल ना? ठरावाचा नमुना असेल तर इथेच टाका. मानपत्राचा मजकूर आज दुपारी प्रेसला द्यायचाय. कृपया लवकर.

जुनी_नस्ती
चार गोष्टी सांगा, मग उत्तर देता येईल. नगरपरिषद की महापालिका? सभा सर्वसाधारण की विशेष? लोकनियुक्त सभागृह आहे की प्रशासक? नोटीस कोणत्या दिवशी बजावली?

मंचामागून
ते कायद्याचं बघतीलच. आधी सभागृहात खुर्च्या किती ते मोजा. १४ सत्कारमूर्ती आणि प्रत्येकाबरोबर घरचे चार धरले तर ७० माणसं होतात. सदस्य, खातेप्रमुख आणि पत्रकार वेगळे. प्रेक्षागॅलरीत ४० च्या वर जागा नसेल तर निरोप देतानाच ‘घरचे दोघे’ असं स्पष्ट सांगा. दारात अडवलेला माणूस तो अपमान विसरत नाही.

सभालिपिक
नगरपरिषद. लोकनियुक्त. बाकीच्याने काय फरक पडतो? सभा ती सभा. नमुना हवाय फक्त.

जुनी_नस्ती
फरक पडतो, म्हणूनच विचारलं. आपल्याला १९६५ चा नगरपरिषद अधिनियम लागू. त्याच्या कलम ८१ मध्ये सर्वसाधारण सभेच्या कामकाजात प्रतिष्ठित पाहुण्याचं स्वागत, मान्यवर व्यक्तीला मानपत्र देण्याचा प्रस्ताव आणि शोकप्रस्ताव हे तिन्ही नाव घेऊन दिलेले आहेत. म्हणजे सत्कार हा सभेचा रीतसर विषय आहे, मधेच घुसवायची गोष्ट नाही. पण तो रीतसर मांडलेला असावा लागतो. सर्वसाधारण सभेला सात पूर्ण दिवसांची नोटीस, विशेष सभेला तीन. आता सांगा, गुरुवारची कोणती?

सभालिपिक
विशेष. पाणीपुरवठ्याच्या एका विषयासाठी बोलावली आहे. नोटीस बुधवारी बजावली.

जुनी_नस्ती
हे पहिल्याच ओळीत हवं होतं. विशेष सभेत नोटिशीबाहेरचा विषय घेऊ नका. विषय चांगला असला तरी नको. सदस्याला काय चर्चेला येणार हे आधी कळावं, एवढ्यासाठीच नोटीस असते. उद्या एखाद्या सदस्याने तक्रार केली, तर जिल्हाधिकाऱ्यांना कलम ३०८ खाली ठरावाच्या अंमलबजावणीला स्थगिती देण्याचा अधिकार आहे. सत्कार होऊन गेलेला असेल, पण स्थगित ठरावाची बातमी त्या १४ जणांच्या नावानिशी छापून येईल.

पालिका_अभ्यासक
महापालिकेत वेगळं आहे. तिथे १९४९ चा अधिनियम आहे. कलम ६३ मध्ये बंधनकारक कर्तव्यं, कलम ६६ मध्ये ऐच्छिक. सत्कारासारखे खर्च ऐच्छिक बाजूला बसतात आणि तरतूद अंदाजपत्रकात आधीच असते. तुम्ही महापौर कार्यालयाकडून पत्र घ्या.

जुनी_नस्ती
ते नगरपरिषदेचं विचारताहेत. महापौर कुठून आणणार?

सोपा_मार्ग
एवढं गुंतागुंतीचं करायची गरज नाही. सभा ११ ला सुरू होणार ना? १०.१५ ला त्याच सभागृहात स्वतंत्र कार्यक्रम ठेवा. नोटीस नको, गणपूर्ती (सदस्यांची किमान हजेरी) नको, सूचक-अनुमोदक नको. कार्यक्रम संपला की सभा सुरू.

जुनी_नस्ती
चालेल. पण मग तो सभेने केलेला सत्कार होत नाही, इतिवृत्तात एक ओळही येत नाही. मानपत्रावर ‘सर्वसाधारण सभा ठराव क्रमांक’ किंवा ‘विशेष सभा ठराव क्रमांक’ असं काही छापता येणार नाही. आणि खर्च? फ्रेम, छपाई आणि सन्मानचिन्हांची बिलं कशाच्या आधारावर काढणार? मुख्याधिकाऱ्यांची मंजुरी टिपणीवर आधी घ्या. टिपणीत लेखाशीर्ष (खर्च कोणत्या खात्यावर टाकायचा ते), शिल्लक तरतूद आणि दरपत्रकं असू देत. मंजुरीच्या आधीच्या तारखेचं बिल लेखापरीक्षणात हमखास आक्षेपात पडतं.

सोपा_मार्ग
टिपणी दोन्ही मार्गांत लागतेच. मग सभेचा अट्टहास कशाला?

जुनी_नस्ती
कारण त्या माणसांच्या नावाने गावाच्या दप्तरात कायमची नोंद राहते. वीस वर्षांनी कुणी इतिवृत्ताची वही उघडली तर नाव सापडेल. कार्यक्रमाचे फोटो तोवर कुठल्या फोनबरोबर गेलेले असतील सांगता येत नाही. वेळ अजून हातात आहे. आज शनिवार. गुरुवारी १० वाजता एकाच विषयाची दुसरी विशेष सभा बोलवा. बजावणीचा दिवस आणि सभेचा दिवस दोन्ही धरायचे नाहीत. उद्या रविवारपर्यंत बजावणी झाली तर सोमवार, मंगळवार, बुधवार असे तीन पूर्ण दिवस मिळतात. सोमवारी सकाळी बजावली तर दोनच उरतात आणि सभा गेली. म्हणून अध्यक्षांची सही आजच घ्या.

कायदा_आधी
माझं मत वेगळं आहे. मानपत्राचा उल्लेख कलम ८१ मध्ये सर्वसाधारण सभेच्या संदर्भात आहे. निर्धास्त मार्ग म्हणजे पुढच्या सर्वसाधारण सभेत घ्या. ती दोन महिन्यांतून एकदा घ्यावीच लागते. घाई कुणाला आहे?

सभालिपिक
घाई आहे. सगळ्यांना फोन गेले आहेत, दोघे बाहेरगावहून येणार आहेत. पुढच्या सभेपर्यंत थांबता येणार नाही.

जुनी_नस्ती
मग कायदा_आधी यांची शंका टिपणीतच मांडा आणि मुख्याधिकाऱ्यांचा लेखी अभिप्राय घ्या. तोंडी ‘हो’ वर जाऊ नका. ठरावाचा नमुना असा:

‘विषय क्र. १: नगरपरिषद हद्दीतील नागरिकांनी विविध क्षेत्रांत मिळवलेल्या यशाबद्दल त्यांचे अभिनंदन करून मानपत्र देणेबाबत.
ठराव: परिशिष्ट ‘अ’ मधील १४ नागरिकांनी त्यांच्या नावासमोर नमूद केलेले यश संपादन केले आहे. त्याबद्दल ही सभा त्यांचे अभिनंदन करते व त्यांना नगरपरिषदेच्या वतीने मानपत्र देण्यास मान्यता देते. त्यासाठी येणारा खर्च … या लेखाशीर्षातून करण्यास मंजुरी देण्यात येते.
सूचक: … अनुमोदक: … ठराव सर्वानुमते मंजूर.’

‘सर्वानुमते’ हा शब्द आधीच टाइप करून ठेवू नका. सभेत काय झालं ते बघून लिहा.

कायदा_आधी
एकाच ठरावात १४ नावं घेऊ नका. एका नावावर कुणी हरकत घेतली तर सगळेच अडकतात. क्रीडा, शिक्षण आणि समाजकार्य असे तीन ठराव करा.

जुनी_नस्ती
तीन ठराव म्हणजे तीन वेळा सूचक-अनुमोदक, आणि चर्चेला तीन जागा. हरकत येईल असं नाव असेल तर गटनेत्यांशी आजच बोलून घ्या. सत्कारमूर्ती समोर बसलेले असताना त्यांच्या नावावर वाद होता कामा नये, मग ठराव एक असो की तीन.

नामांकन_मदत
यातल्या कुणाचं काम मोठं असेल तर पद्म पुरस्कारासाठी नक्की भरा. राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर ऑनलाइन अर्ज होतो, स्वतःचं नामांकन स्वतःलाही करता येतं. कामाची माहिती जास्तीत जास्त ८०० शब्दांत लिहायची असते. 

कायदा_आधी
विषय वेगळा आहे, पण पद्मचं निघालंच आहे तर सांगतो. यादीत आधीच पद्म मिळालेलं कुणी असेल तर मानपत्रावर नावाआधी ‘पद्मश्री’ छापू नका. उपाधीसारखा नावाच्या मागेपुढे तो वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या निकालात सांगितलं आहे. मजकुरात ‘अमुक वर्षी पद्मश्री पुरस्काराने सन्मानित’ असं लिहिता येतं.

सभालिपिक
पद्म कुणी नाही. चार शाळकरी मुलं आहेत, एक कुस्तीपटू, एक शिक्षिका, बाकी समाजकार्य. मानपत्रावर काय लिहू ते सांगा ना कुणीतरी.

अक्षरजुळणी
ए-४ आकार असेल तर मजकूर ७० शब्दांच्या आत ठेवा. मजकूर वाढला की अक्षर लहान करावं लागतं आणि भिंतीवर लावल्यावर वाचता येत नाही. शीर्षक ३६, नाव २८, मजकूर १८ पॉइंट. कागद ३०० जीएसएम, लॅमिनेशन नको.
‘समाजाप्रती आपले योगदान अतुलनीय आहे’ हे वाक्य चौदाही जणांना चालतं, म्हणून ते कुणाचंच होत नाही. स्पर्धेचं पूर्ण नाव, वजनगट, पदक, वर्ष लिहा. शिक्षिकेने काय सुरू केलं आणि ते किती वर्षं चाललं, ते लिहा. माहिती यादीवरून घेऊ नका, प्रत्येक घरी फोन करून प्रमाणपत्राचा फोटो मागवा.

आईचं_नाव
मुलांच्या नावात आईचं नाव घालायला विसरू नका. १ मे २०१४ नंतर जन्मलेल्यांना सरकारी कागदपत्रांत ते बंधनकारक आहे. मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम.

कायदा_आधी
१ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना, आणि ते शाळा-दाखला अशा नोंदींसाठी. मानपत्र हे तसं कागदपत्र नाही.

आईचं_नाव
नसेल. पण दाखल्यावर एक नाव आणि नगरपरिषदेच्या मानपत्रावर दुसरं, असं का करायचं? मुलगी ते मानपत्र पुढे प्रवेशाच्या वेळी जोडणार आहे.

अक्षरजुळणी
घरच्यांना विचारा, ते सांगतील तसं छापा. आणि सांगतील ते फोनवर ऐकून लिहू नका, व्हॉट्सअॅपवर टाइप करून घ्या. ‘दीपाली’चं ‘दिपाली’ झालेलं मानपत्र कुणी भिंतीवर लावत नाही.

प्लास्टिक_नको
निमंत्रणपत्रिका आणि बॅनर करणार असाल तर लक्षात ठेवा, १ जुलै २०२२ पासून निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची प्लास्टिक फिल्म आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर बंद आहेत. दंडाच्या पावत्या आपलीच नगरपरिषद फाडते. कापडी बॅनर करा.

मंचामागून
वेळेचा हिशेब देतो. एकाचं नाव आणि ४० शब्द वाचायला २० सेकंद, चालत येणं २०, मानपत्र देणं १५, फोटो २०, परत जाणं १५. म्हणजे ९० सेकंद. १४ जणांचे २१ मिनिटं. त्यात ठराव वाचून मंजूर होण्याची ५, राष्ट्रगीत १ (पूर्ण धून ५२ सेकंदांची असते), प्रास्ताविक ४, एकत्रित फोटो ५, आभार ३. बेरीज ३९. १०.१५ ला सुरू केलंत तर उशिराला सहा मिनिटंच उरतात. १० हीच वेळ बरोबर.
सत्कारमूर्तींना डावीकडून चढवा, उजवीकडून उतरवा. एकाच जिन्याने चढ-उतार ठेवली तर प्रत्येकामागे दहा-पंधरा सेकंद जातात. चढता येत नसेल त्यांच्यासाठी अध्यक्षांनीच खाली यावं, हे आधी सांगून ठेवा. काचेची फ्रेम फोटोत चमकते, फ्रेमची वरची कड पुढे झुकवून धरायला सांगा. चमक जमिनीकडे जाते आणि मजकूर वाचता येतो.

कायदा_आधी
दहाच्या सभेला गणपूर्ती होईल का ते आधी बघा. सदस्य अकराच्या हिशेबाने घरून निघतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब, आणि पाहुणे बसून. बुधवारी संध्याकाळी प्रत्येक सदस्याला फोन करा आणि हजेरीपत्रक दारातच ठेवा.
अकराच्या सभेत शोकप्रस्ताव आहे का तेही बघा. असेल तर सत्काराच्या माणसांना त्याआधी बाहेर पडायला वेळ द्या. सभागृह स्तब्ध उभं असताना गॅलरीत पेढ्याचे पुडे फुटू नयेत.

सभालिपिक (शनिवार, सायंकाळी ६.१०)
अध्यक्षांची सही झाली, टिपणीवर मुख्याधिकाऱ्यांचा अभिप्रायही मिळाला. २३ पैकी १९ बजावण्या झाल्या, चार उद्या सकाळी करतो. शोकप्रस्ताव नाही. पण प्रेसमधून मानपत्राचं प्रूफ आलंय त्यात गोंधळ आहे. वेलांट्या सरकल्यात, ‘कार्य’मधला रफार पुढच्या अक्षरावर गेलाय. मी पाठवलेली फाइल बरोबर होती.

अक्षरजुळणी
तुमची फाइल युनिकोडमध्ये आहे, प्रेसवाल्याने ती जुन्या फाँटमध्ये बदलून घेतली आहे. त्या बदलात रफार, पहिली वेलांटी आणि ‘ऱ्या’ हे तिन्ही हमखास बिघडतात. ‘दुसऱ्या’ आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ हे दोन शब्द आधी तपासा. प्रूफवर हाताने दुरुस्त्या करत बसू नका, पुढच्या प्रतीत दुसरीकडे चूक निघेल. तुमच्याकडेच पीडीएफ करा, अक्षरं वक्ररेषांत (कर्व्हजमध्ये, म्हणजे अक्षराचं चित्र) बदलून घ्या आणि तीच छापायला सांगा. मग फाँटचा प्रश्नच राहत नाही.
आणखी एक. ठराव गुरुवारी होणार, मानपत्र बुधवारी छापून येणार. ठराव क्रमांक तेव्हा माहीत नसतो. ‘ठराव क्र.’पुढे तीन सेंटिमीटर जागा कोरी ठेवा, अंदाजाने आकडा छापू नका. फ्रेमवाल्याला मागच्या पट्ट्या उघड्या ठेवायला सांगा. ठराव झाला की काळ्या जेल पेनने क्रमांक घालायचा, दोन मिनिटं वाळू द्यायचा, मग काचेखाली सरकवायचा. १४ फ्रेमना दोन माणसं लागतील, बाजूच्या खोलीत टेबल लावून ठेवा.

मंचामागून
मग ठरावानंतर लगेच पहिलं नाव पुकारता येणार नाही. प्रास्ताविक ठरावानंतर घ्या आणि चारऐवजी आठ मिनिटांचं करा, तेवढ्यात क्रमांक घालून होतात. बेरीज ४३ होते, तरी अकराच्या आत बसतं. मानपत्रं मात्र पुकारायच्या क्रमाने लावून ठेवा, वर पहिलं.

सभालिपिक
पीडीएफ पाठवली. नवं प्रूफ सोमवारी येतंय. फ्रेमवाल्याला पट्ट्यांचं सांगितलं. एकाच घरातल्या दोन मुली यादीत आहेत, आडनाव आणि वडिलांचं नाव एकच. फ्रेमच्या मागे पेन्सिलने अनुक्रमांक घालून ठेवतो.