'सिंथेटिक बायोलॉजी'ला मराठीत काय म्हणावं? 'कृत्रिम' म्हटलं की गावात लोक बिचकतात

धुऱ्यावरून:
बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, यवतमाळ जिल्हा. आम्ही पाच जण गावोगाव जाऊन सिंथेटिक बायोलॉजी (जनुकांचे भाग जुळवून जिवंत पेशींकडून हवं ते काम करून घेण्याचं शास्त्र) समजावून सांगतो, म्हणजे प्रयत्न करतो. पोस्टरवर ठळक 'कृत्रिम जीवशास्त्र' लिहिलेलं. बाजाराच्या दिवशी ओट्यावर लावलं तर एक आजी म्हणे, "कृत्रिम म्हंजे ते युरियाचं दूध करतेत तसं का रे बाप्पा?" मी म्हटलं नाही आजी, सिंथेटिक. तर बाजूचे काका, "हाव ना, सिंथेटिक तं आमी दरसाल फवारतो." सायपरमेथ्रिनच्या जातीच्या औषधाला कृषी केंद्रात सिंथेटिकच म्हणतात ना! पुढचा अर्धा तास फवारणीतच गेला. शब्द सुचवा.

जुना मास्तर:
कृत्रिम काढूनच टाक. संश्लेषी जीवशास्त्र लिही. श्लिष् म्हणजे चिकटणं, जुळणं. श्लेष अलंकारात एका शब्दाला दोन अर्थ चिकटलेले, आश्लेष म्हणजे मिठी, पावसाचं आश्लेषा नक्षत्र त्याच घरातलं. विश्लेषण म्हणजे सुटं करून पाहणं, संश्लेषण म्हणजे सुटं एकत्र जोडणं. सिंथेसिस या ग्रीक शब्दातही 'एकत्र ठेवणं' एवढंच आहे, नकलीपणाचा वास त्याला मागून लागला. प्रकाशसंश्लेषणात काय नकली आहे सांग बरं? शाळेतली पोरं तो शब्द घडाघडा म्हणतात.

संत्र्याचा डोळा:
मास्तर, पोस्टरवर ठीक, पण ओट्यावर 'संश्लेषी' कोण ऐकून घेईल? आमच्या वरूडकडे 'जनुकांचं कलम' म्हटलं की लगेच कळतं, जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा चढवतो तसं.

धुऱ्यावरून:
दादा, कलम वापरून पाहिलं, फसलं. कलमात खुंट खुंटच राहतो अन् डोळा डोळाच, जनुकं मिसळत नाहीत, हे आमच्याच मॅडमनी पकडलं. मग आजीला तिच्याच शुगरच्या इंजेक्शनवरून सांगितलं, की पूर्वी इन्शुलिन गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढायचे, १९७८ ला माणसाच्या इन्शुलिनचं जनुक लॅबमध्ये तुकडे जोडून बनवलं अन् ई कोलाय जिवाणूत घातलं, १९८२ ला अमेरिकेत त्या औषधाला मंजुरी मिळाली. आजी म्हणे, "म्हंजे विरजन लावल्यावानी, काम जंतूच करते." आम्ही पाचही जण गप!

लॅबवाली:
विरजण मस्तच, पण इन्शुलिन ही जुनी जनुक अभियांत्रिकी झाली. सिंथेटिक बायोलॉजीवाले मेकॅनिकसारखे चालतात, ठरलेल्या मापाचे भाग घ्यायचे, जोडायचे, चालवून पाहायचे. मलेरियाच्या आर्टेमिसिनिन औषधाचा कच्चा माल यीस्टकडून बनवून घेतला तो असाच, एक नाही तर बरीच जनुकं बसवून. आयजेम नावाच्या स्पर्धेत विद्यार्थी हेच करतात (अमेरिकेतल्या एमआयटीत २००३ ला एका कोर्सपासून सुरू झालेली) अन् लोकांत जाऊन बोलणंही त्यात मोजलं जातं. माझं मत 'जुळवणी'ला. बोलताना 'जंतूची जुळवणी', छापताना मास्तरांचं संश्लेषी.

कास्तकार:
शब्द कोनताबी ठेवा पोट्टेहो, लोक बीटीचंच विचारतीन, म्हंजे अळी माराले जंतूचं जनुक घातलेल्या कपाशीचं. २००२ ले बीटी आलं, अळी मरन म्हने. २०१७ ले गुलाबी बोंडअळीनं बोंड आतून पोखरून ठेवलं. ४५० ग्रॅमच्या थैलीसंग १२० ग्रॅमचं नॉन बीटीचं पाकीट याचं, त्याले रेफ्युजिया का काय म्हनत. कडेनं कायले लावाचं ते आमच्या बोलीत कोनी सांगतलंच नाई. माह्या धुऱ्यावर पाकिटं पडून राहत, उंदरायनं खाल्ले.

लॅबवाली:
काका, त्या कडेच्या ओळीत बीटी न पचवू शकणारी साधी अळी जगते, तिचे पतंग बीटीला सरावलेल्या पतंगांशी जोडी जमवतात, त्यांच्या अळ्या बहुतेक बीटीनं मरतात, म्हणून सरावलेली जात लवकर वाढत नाही.

धुऱ्यावरून:
मग रेफ्युजियाला 'आसरा ओळी' म्हणावं का?

कास्तकार:
अळीले आसरा? माह्याच वावरात? म्हना, पन पोस्टर लावाच्या आधी ओट्यावर बसून हेच समजावून सांगा.