ट्यूमर सप्रेसर जीन : दमनकारी, रोधक की आणखी काही?

कानामात्रा :
'ट्यूमर सप्रेसर जीन'ला मराठी शब्द हवाय. अर्बुद म्हणजे ट्यूमर. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकातलं हे वाक्य अडलंय : 'डीएनएला इजा झाल्यास अर्बुददमनकारी जनुके पेशीला प्रतिसाद देण्यास मदत करतात.' तपासणाऱ्याचा शेरा असा, की 'दमन' म्हटलं की गाठ आधीच झालेली आहे आणि जनुक ती दाबतंय असं वाटतं. मग 'अर्बुदरोधी'? 'गाठप्रतिबंधक'? शिवाय 'प्रतिसाद' म्हणजे पेशी नेमकं काय करते?

पेशीकेंद्र :
शेरा रास्त आहे. ही जनुकं गाठ होण्याच्या कितीतरी आधी, एकेका पेशीत काम करतात. डीएनएचे दोन्ही धागे तुटले की एमआरएन हा प्रथिनसंच तुटक्या टोकांवर बसतो आणि एटीएम या कायनेजला, म्हणजे फॉस्फेट चढवणाऱ्या विकराला, जागं करतो. एटीएम आणि त्याने चेतवलेलं सीएचके२ हे दुसरं कायनेज मिळून पी५३ या प्रथिनावर फॉस्फेट चढवतात. एरवी पी५३ पेशीत टिकतच नाही. एमडीएम२ हे प्रथिन त्याला युबिक्विटिन ही मोडीची खूण डकवून मोडीत पाठवतं, अर्धायुष्य जेमतेम वीसेक मिनिटांचं. फॉस्फेट चढलं की एमडीएम२ ची पकड सुटते आणि पी५३ साठत जातं. मग ते पी२१ चं जनुक चालू करतं. पी२१ विभाजनाला चालना देणाऱ्या, सायक्लिन या प्रथिनांवर अवलंबून असलेल्या कायनेजांना अडवतं, त्यामुळे आरबी हे प्रथिन नकलेची जनुकं चालू करणाऱ्या ई२एफला धरून ठेवतं आणि डीएनएची नक्कल सुरूच होत नाही. तेवढ्यात दुरुस्ती उरकली तर ठीक. नुकसान आवाक्याबाहेरचं असेल तर पूमा, नोक्सा, बॅक्स या पेशीला मारणाऱ्या प्रथिनांची जनुकं चालू होतात आणि पेशी स्वतःला संपवते. दमन झालंच तर विभाजनाचं होतं, गाठीचं नाही.

शुद्धमती :
'गाठ' मात्र नको. सुश्रुतसंहितेत ग्रंथी वेगळी, अर्बुद वेगळं. शिवाय अर्बुद म्हणजे दहा कोटी. पेशींच्या बेसुमार वाढीला याहून नेमका शब्द कुठला?

रफार :
संख्येचा संबंध ओढूनताणून लावलाय. अबूच्या पहाडालाही अर्बुदच म्हणतात, तिथे काय मोजणार? आणि रक्ताच्या कर्करोगात एका जागी गाठ नसते, तरी टीपी५३, म्हणजे पी५३ चं जनुक, तिथेही बिघडतं. म्हणजे 'अर्बुद' आणि 'गाठ' दोन्ही लंगडेच.

कानामात्रा :
मग सरळ 'विभाजनरोधक जनुक'?

पेशीकेंद्र :
त्यात आरबी बसेल, पण बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही जनुकं बाहेर राहतील, त्यांचं मुख्य काम दुरुस्तीचं. बीआरसीए२ तुटक्या टोकावर आरएडी५१ हे सांधणीचं प्रथिन बसवतं, मग शेजारच्या जुळ्या प्रतीचा साचा घेऊन अचूक सांधणी होते. हा साचा नक्कल झाल्यावरच मिळतो. बीआरसीए२ निकामी असेल तर पेशी टोकाला टोक चिकटवण्याच्या घाईच्या वाटा धरते. त्यात अक्षरं गळतात, कधी भलत्याच गुणसूत्रांची टोकं जुळतात. १९९७ मध्ये किन्झलर आणि फोगेलस्टाइन या कर्करोग-संशोधकांनी म्हणूनच 'द्वारपाल' (वाढ अडवणारी) आणि 'निगा राखणारी' (दुरुस्ती सांभाळणारी) असे दोन गट पाडले. एका विशेषणात दोन्ही कोंबू नका.

अनुस्वार :
पत्रकात 'जनुक बिघडल्यास' असं असेल तर तेही बदला. साधारणतः दोन्ही प्रती जाव्या लागतात. आल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्ये डोळ्याच्या पडद्याच्या कर्करोगावरून मांडलेला 'दोन घावांचा' विचार तो हाच. पी५३ थोडं निराळं. ते चौघांच्या संचात काम करतं. एक प्रत बिघडली आणि चांगले-वाईट रेणू निम्मे निम्मे तयार झाले, तर चारही चांगले असलेला संच सोळांत एकच.

रफार :
नावावरून एवढा काथ्याकूट, आणि 'पी५३' हे नावच चुकीच्या वजनावरून पडलंय. प्रथिनं वजनानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर ते ५३ किलोडाल्टनचं (रेणूच्या वजनाचं एकक) भासलं, खरं सुमारे ४४ चं. प्रोलिन हे अमिनो आम्ल जास्त असलेल्या भागामुळे ते जेलमध्ये रेंगाळतं. नाव कुणी बदललं? 'ट्यूमर सप्रेसर' तसंच राहू द्या की.

शुद्धमती :
ते प्रयोगशाळेत. रुग्णाला 'सप्रेसर' वाचून ओ की ठो कळणार नाही.

रफार :
'दमनकारी' वाचून भलतंच कळतं. त्यापेक्षा न कळलेलं बरं, तो डॉक्टरांना विचारील तरी.

शुद्धमती :
आणि 'इजा' तरी कशी चालते? इजा जिवाला होते, रेणूला नव्हे. 'डीएनएतला बिघाड' म्हणा.

पेशीकेंद्र :
'बिघाड' मुळीच नको. अतिनील किरणांनी दोन शेजारचे थायमिन (डीएनएतलं एक अक्षर) चिकटले तर ती इजा : रचना वेडीवाकडी होते, पेशीला ती ओळखता येते, चिकटलेला तुकडा कापून भरता येतो. तिच्याकडे दुर्लक्ष होऊन चुकीचं अक्षर नकलेत उतरलं आणि दोन्ही धाग्यांवर कायम झालं की ते उत्परिवर्तन. मग जोडी वरवर बिनचूक दिसते, दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांना पकडायला काही उरत नाही. 'बिघाड' दोन्हींना लागू पडतो आणि सगळा फरकच पुसतो.

अनुस्वार :
'मोडतोड'?

पेशीकेंद्र :
थायमिन चिकटतात, मोडत नाहीत.

शुद्धमती :
'क्षती' आहे की.

रफार :
आहे, हिंदीत.