झाडं जगवणाऱ्या पोरांना पेट्रोलचे पैसे द्यावेत का?

देवगिरीकर
जुलैत रोपं लावायला माणसांची रीघ लागते, एप्रिलात टँकरमागं पाइप धरायला कोणी नसतं. आपल्या मराठवाड्यात रोपाचं जगणं-मरणं उन्हाळ्यातच ठरतं. कायम येणाऱ्या पोरांना संस्थेनं पेट्रोल आणि जेवण द्यावं, असं माझं ठाम मत आहे. घरी दोन एकर कोरडवाहू असलेलं पोरगं दर रविवारी स्वतःच्या खिशातून किती दिवस येईल? त्याची निष्ठाच कमी म्हणणं हा अन्याय आहे.

मांजराकाठ
नाही पटलं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच उन्हाळ्यात अंबाजोगाई तालुक्यात वॉटर कप या पाणी अडवण्या-जिरवण्याच्या गावोगावच्या स्पर्धेसाठी गावंच्या गावं टिकाव-फावडं घेऊन उतरली, भत्त्याशिवाय. ग्नीझी आणि रुस्टिचिनी या अर्थतज्ज्ञांनी २००० साली एक प्रयोग मांडला होता. त्यात शाळकरी मुलं दारोदार देणग्या गोळा करत होती. काहीच न मिळणाऱ्यांनी सर्वात जास्त रक्कम जमवली, एक टक्का मिळणाऱ्यांनी सर्वात कमी. पैसा आला की श्रमदान संपलं.

देवगिरीकर
त्या मुलांना मोबदला होता, मी झालेला खर्च भरून द्या म्हणतोय. आणि वॉटर कपचं पाणी त्याच गावच्या शिवारात मुरणार होतं, मुदतही ४५ दिवसांची. सरकारी टेकडीवरच्या झाडाला दोन-तीन उन्हाळे सांभाळावं लागतं.

बिंदुसरा
दोघंही पैशावरच अडलात. मी एका संस्थेचं काम सोडलं ते पेट्रोलपायी नाही. मेसेज एवढाच यायचा, 'रविवारी सातला या'. कडुलिंब, करंज सोडून गुलमोहर कामून, असं विचारलं तर उत्तर नाही. पाहुणे आले की फोटोसाठी जुनेच खड्डे पुन्हा उकरायचे. दिवसभर माळावर मुलींसाठी आडोसाही नाही. आणि आम्ही लावलेली किती झाडं जगली, हे कधी कोणी सांगितलंच नाही! प्रत्येकाला ठरावीक झाडं नेमून द्या, मे महिन्यात त्यालाच मोजायला लावा. आपलं झाड वाळताना बघून कोणी घरी बसत नाही.

मांजराकाठ
ताई, फोटोचं आणि आडोशाचं शंभर टक्के खरं. पण झाडं नेमून दिलेलं पोरगं पुण्याला कामाला गेलं की काय करायचं?

बिंदुसरा
जाणारच ते. म्हणून जोडी लावा. एक कॉलेजचं पोरगं आणि एक त्याच माळावर शेळ्या चारणारा. शेळ्यांनी शेंडे खाल्ले तर पाणी घालून उपयोग काय? तो माणूस रोज तिथंच असतो. त्याला मात्र पैसे द्या, त्याच्या चराईवर आपण बंदी आणतोय.

मांजराकाठ
चराईची भरपाई म्हणून द्या, हरकत नाही. पोरांना पेट्रोल द्यायला माझा विरोध कायम आहे.