कोलियसचा मरून रंग गेला, पानं नुसती हिरवी होऊन राहिली

मानेवाड्याची गच्ची:
नागपूरच्या महाल भागातला आमचा वाडा यंदा पाडला. त्याआधी आईच्या कुंडीतल्या कोलियसच्या, म्हणजे रंगीत पानांच्या शोभेच्या झाडाच्या, दोन फांद्या आणून लावल्या होत्या. मधे गर्द मरून, कडेला पोपटी झालर. एप्रिलमध्ये ऊन तापलं तशा कुंड्या गच्चीवरून खाली आणून कूलरच्या खोलीत ठेवल्या. आता जुलै लागला, तर पानं हिरवी पडलीत, दांडे लांबच लांब वाढलेत आणि वर निळसर तुरे आलेत. घाबरून परत गच्चीवर नेल्या, तर दोन दिवसांत कडा कागदासारख्या करपल्या. वाड्यातलं आता एवढंच उरलंय माझ्याकडे. काय करू?

प्रतापनगरकर:
चिमूटभर युरिया द्या, जोम धरेल.

सक्करदऱ्याची बाग:
ताई, युरिया नका देऊ. नत्राने हिरवेपणाच वाढेल. तुमचं झाड उपाशी नाही, त्याला उजेड कमी पडला. पानातला लाल रंग भरपूर उजेडातच भरतो, अंधाऱ्या खोलीत झाड हिरवं होऊन उंच पळतं. करपलं ते वेगळ्या कारणाने. सावलीत आलेलं पान कोवळं असतं, त्याला एकदम उघडं ऊन सोसत नाही. ढगाळ दिवसांनंतरचं ऊन तर फारच चटका देतं. पूर्वेच्या बाल्कनीत ठेवा, सकाळचं नऊपर्यंतचं ऊन मिळू द्या, पुढे हिरव्या नेटखाली. करपलेलं पान सुधारणार नाही, नव्या पानांकडे बघा.

तुरे आजच खुडा. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तसेच, दोघी एकाच कुळातल्या. कोलियसची दांडी बोटांत फिरवून बघा, चौकोनी लागेल. शेंडेही खुडा, म्हणजे बगलेतून फुटवे येऊन झाड भरतं.

माती कुठली आहे? आपली काळी माती कुंडीत नुसतीच भरली असेल तर पावसात चिखल होऊन मुळं कुजतात. अर्धं शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) मिसळा.

धरमपेठची काकू:
खुडलेले शेंडे फेकू नकोस बाळा! खालची पानं काढ, एक डोळा, म्हणजे पान फुटतं ती गाठ, पाण्यात बुडेल असं ग्लासात ठेव, दोन दिवसांनी पाणी बदल. माझ्याकडे स्वयंपाकघराच्या खिडकीत बाराही महिने एक ग्लास असतोच. नवतपात, मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, कुंडीतलं गेलं तरी वाण जात नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, ओल्या फडक्याने पुसून घे.

मानेवाड्याची गच्ची:
माती काळीच होती, खाली पाणी साचलेलं निघालं. बदलली. पाच शेंडे ग्लासात ठेवले होते, आठव्या दिवशी चौघांना दोऱ्यासारख्या पांढऱ्या मुळ्या फुटल्या. आज बाल्कनीतल्या कुंडीत करंगळीच्या नखाएवढी दोन पानं उघडली, शिरेजवळ मरून रंग धरलाय. काकू, एक ग्लास बहिणीकडे पाठवतेय.