मदत हवी आहे: बाळंतपणानंतरचं बीपी, घड्याळाचा आकडा आणि रेंज नसलेली वाडी

नमस्कार मंडळी. आम्ही देवगड तालुक्यातले. धाकटी बहीण बाळंतपणाला माहेरी आली आहे. आठव्या महिन्यात बीपी चढलं, लघवीत प्रोटीन निघालं. डॉक्टरांनी प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणातला बीपीचा आजार) सांगून सिझेरियन केलं. बाळ-बाळंतीण सुखरूप, गोळ्या चालू. पण घरी सोडताना बजावलं आहे की बीपी प्रसूतीनंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवसात पुन्हा चढू शकतं, घरी मोजत राहा. पुढच्या आयुष्यात हृदयविकाराचा धोकाही इतर बायकांच्या साधारण दुप्पट, हे ऐकून ती धास्तावली आहे. आईचं म्हणणं, "मोकळी झाली ना, आता कसलं बीपी!"

मेव्हण्यांनी मुंबईहून बीपी दाखवणारं घड्याळ पाठवलंय. ते वरचं बीपी १२८ दाखवतं, उपकेंद्रातलं मशीन १४६. खरं कुठलं मानायचं? शिवाय घर खाली खाडीकाठी, रेंज हवी तर सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, चढायचं. घड्याळाचं अ‍ॅप तर उघडताक्षणी इंटरनेट मागतं. आणि कुठल्या आकड्याला गाडी काढायची?

प्रतिसाद:
घड्याळ पावलं मोजायला ठेवा. औषधाचा निर्णय दंडाला पट्टा बांधायच्या डिजिटल मशीनवरच. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. बहुतेक मशीन आकडे स्वतःच साठवतात, त्यामुळे अ‍ॅप नसलं तरी अडत नाही. वहीत लिहा, तुम्ही सड्यावर जाल तेव्हा पानाचा फोटो डॉक्टरांना व्हॉट्सअ‍ॅप करा.

१४०/९० च्या वर राहू लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. १६०/११० किंवा जास्त आलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजूनही तसंच, तर थांबू नका, रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. वरचा किंवा खालचा, एकच आकडा तिथे पोचला तरी हेच. फोन करायला सड्यावर कोण धावणार, ते आत्ताच ठरवून ठेवा.

दुसरा प्रतिसाद:
मी आरोग्यसेविका होते. आकडा चांगला असला तरी डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, छातीत दुखणं, आडवं झाल्यावर दम लागणं यातलं काही झालं तर निघायचंच. बाळंतपणानंतर काही महिन्यांतही हृदय कमकुवत होऊ शकतं, आणि "बाळंतिणीला थकवा असतोच" म्हणून घरात ते अंगावर काढतात. गोळी मनाने बंद करू नका, अंगावर पाजताना चालणाऱ्या बीपीच्या गोळ्या असतात. सुकी मच्छी, लोणचं आईंना जरा आवरायला सांगा. पुढच्या तपासण्यांना दरवेळी कणकवलीला जायला नको, ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टर बोलतात. फक्त रेंजमध्ये बसून. दरवर्षी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल तपासायचंच, बाळ शाळेत गेलं तरी.

धागाकर्ता:
आभार. मशीन मागवतो. तिचा दंड बारीक आहे, उपकेंद्रातला पट्टा सैल बसतो. चालेल?

प्रतिसाद:
नाही. मोठा पट्टा आकडा कमी दाखवतो, म्हणजे तुमचं १४६ खरं तर जास्तही असेल. आजच डॉक्टरांशी बोला. दंडाचा घेर टेपने मोजून त्या मापाचा पट्टा मागवा.