मदत हवी आहे: सी भाषेतला वाढता बफर हलला की जुने पॉइंटर निकामी

सोलापुरात एका चादर कारखान्यातल्या यंत्रमागांच्या नोंदी सिरियल पोर्टवरून वाचतोय. ओळीची लांबी आधी कळत नाही, म्हणून बफर (डेटा साठवायची मेमरीतली जागा) ६४ बाइटपासून सुरू करून भरला की रिअ‍ॅलॉकने, म्हणजे मेमरीची जागा वाढवून देणाऱ्या फंक्शनने, दुप्पट करतो. रिअ‍ॅलॉकचं उत्तर वेगळ्या पॉइंटरमध्ये (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलमध्ये) घेतो, त्यामुळे नल आलं, म्हणजे जागा मिळाली नाही, तरी जुना डेटा शाबूत राहतो. खरी अडचण पुढे आहे. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीचा पॉइंटर साठवलेला असतो आणि बफर दुसऱ्या जागी गेला की ते सगळे फुकट. पॉइंटरऐवजी ऑफसेट (बफरच्या सुरुवातीपासूनचं अंतर) ठेवून पाहिले, चालतं. पण पुढचं जुनं फंक्शन साठवलेले पॉइंटरच मागतं आणि ते बदलता येत नाही. लिनक्स आहे, सी प्लस प्लस चालणार नाही. एममॅपने (लिनक्सकडून मेमरी मागायचा कॉल) पत्त्यांचा मोठा पट्टा आधीच राखून ठेवू, की ठरावीक तुकड्यांची साखळी करू? साखळीत एकच ओळ दोन तुकड्यांत विभागली गेली तर तुम्ही ती कशी सांभाळता?